पक्षाघातानंतर वाचा गेली तर घरच्यांनी काय करायचं: एका स्पीच थेरपिस्टचं टिपण

वॉर्डात नव्या पेशंटला भेटायला गेलं की बहुतेक वेळा नातेवाईकच बोलतात. मी विचारते, "आजोबा, कसं वाटतंय?" आणि पलंगाच्या पलीकडून उत्तर येतं, "त्यांना काही कळत नाही हो, मलाच विचारा." हे ऐकून आजोबा भिंतीकडे तोंड फिरवतात. माझ्या तपासणीतली पहिली नोंद तिथेच होते: समजतंय, निदान बरंचसं.

मेंदूत रक्ताची गुठळी अडकून किंवा रक्तस्राव होऊन भाषेचे भाग दुखावले, की जे होतं त्याला ॲफेजिया म्हणतात. मराठीत वाचाघात हा शब्द आहे, पण तो थोडा फसवा आहे, कारण आघात वाचेपुरता नसतो. बोलणं, ऐकून समजणं, वाचणं, लिहिणं, चारही गोष्टींना कमीजास्त धक्का लागतो. पक्षाघात झालेल्या साधारण तीनपैकी एकाला सुरुवातीला हा त्रास असतो. शब्द शोधायची वाट बंद झालेली असते. विचार, आठवणी, आवडीनिवडी, राग मात्र बहुतांशी जागेवर असतात.

पेशंटच्या भाषेवर मी काम करते ते दिवसातून तासभर. उरलेले सगळे तास तुमचे. म्हणून हे टिपण पेशंटपेक्षा तुमच्या बोलण्याबद्दल जास्त आहे.

सगळ्यात आधी गिळणं

स्पीच थेरपिस्टला पहिल्या दिवशी बोलावतात ते बऱ्याचदा बोलण्यासाठी नाही, गिळण्यासाठी. जीभ, ओठ, घसा हे स्नायू दोन्ही कामांना लागतात, आणि पक्षाघातानंतर घास किंवा पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरू शकतं. त्यातून न्यूमोनिया होतो. म्हणून गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडावाटे काहीही देऊ नका. "चमचाभर पाण्याने काय होतंय" असं म्हणून दिलेला चमचाच नडतो, कारण पाणी पातळ असल्याने झपकन घसरतं आणि ते आवरणं सगळ्यात अवघड जातं. गोळ्यासुद्धा विचारल्याशिवाय नकोत.

खाताना खोकला येणं, गिळल्यावर आवाज ओला, घरघरता होणं, गालात घास साठून राहणं ही धोक्याची चिन्हं. पण काही जणांना श्वासनलिकेत पाणी गेलं तरी खोकला येतच नाही. अशा वेळी व्हिडिओ-एक्सरे किंवा नाकातून कॅमेरा घालून केलेली तपासणी लागते. त्यावरून किती दाट, किती मऊ द्यायचं ते ठरतं. त्यासाठी 0 ते 7 अशा पातळ्यांची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे. तुमच्या माणसाची पातळी कागदावर लिहून घ्या आणि भरवणाऱ्या प्रत्येकाला दाखवा. भरवताना पाठ सरळ, खाऊन झाल्यावर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही, आणि दात-जीभ रोज नीट स्वच्छ करायची. तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात जातात, त्यामुळे हे शेवटचं काम वाटतं तितकं किरकोळ नाही.

नेमकं काय बिघडलंय

"बोलता येत नाही" या एका तक्रारीमागे निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात. शब्द बरोबर असतात, वाक्यही बरोबर, पण उच्चार जड, अस्पष्ट, तोंडात काही धरून बोलल्यासारखे: हा स्नायूंचा अशक्तपणा, डिसार्थ्रिया. दुसऱ्या प्रकारात स्नायूंत जोर आहे, शब्दही माहीत आहे, पण जीभ कुठे टेकवायची याची आज्ञाच चुकते. माणूस चाचपडतो आणि तोच शब्द तीन वेळा तीन तऱ्हांनी उच्चारतो. याला वाणीचा ॲप्रॅक्सिया म्हणतात. तिसरा म्हणजे ॲफेजिया, ज्यात भाषाच अडते. एका पेशंटमध्ये दोन-तीन एकत्रही असू शकतात. वेगळं ओळखणं का महत्त्वाचं, तर डिसार्थ्रियावाल्याला पाटी-पेन्सिल दिली की तो झरझर लिहून देईल. ॲफेजियावाल्याला सहसा ते जमणार नाही, आणि "मग लिहून तरी दाखवा ना" हा आग्रह त्याला आणखी एक हार वाटेल.

ॲफेजियाचेही प्रकार आहेत. 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदाने एका रुग्णाची नोंद केली. एकवीस वर्षं रुग्णालयात काढलेल्या या माणसाला "टां" एवढाच उच्चार करता येई, पण बोललेलं बरंचसं कळत असे, आणि संतापला की एखादी शिवी मात्र स्वच्छ बाहेर पडे. मृत्यूनंतर मेंदू पाहिला तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा सापडली. या भागाच्या आसपास दुखापत झाली की बोलणं तुटक होतं: "काल... बस... मुलगा... पडला." मराठीत याचा ठळक परिणाम प्रत्ययांवर दिसतो. ने, ला, चा, त गळून पडतात, क्रियापदाचं रूप चुकतं.

1874 साली जर्मनीत कार्ल वेर्निकेने उलटी बाजू मांडली. मेंदूच्या डाव्या बाजूच्या मागच्या भागात इजा असेल तर माणूस धडाधड बोलतो, चढउतारही बरोबर, पण शब्द भलतेच. "चमचा"चा "मचमा" होतो, किंवा जगात नसलेलेच शब्द तयार होतात, आणि आपलं चुकतंय हे त्याला बहुधा जाणवत नाही. हातापायात अशक्तपणा नसला तर अशा माणसाला वेड लागलं, भ्रम झाला असं समजून भलत्याच डॉक्टरकडे नेण्याची चूक होते. याखेरीज फक्त नावं न आठवणारा सौम्य प्रकार आहे, आणि सगळंच ठप्प झालेला तीव्र प्रकारही. शिवाय प्रकार बदलतो. पहिल्या आठवड्यात लावलेलं नाव तिसऱ्या महिन्यात लागू असेलच असं नाही. नावापेक्षा आज काय समजतं आणि आज काय व्यक्त करता येतं, हे दोन प्रश्न थेरपिस्टला दर भेटीत विचारा.

तपासणीला जाताना

थेरपिस्ट चार गोष्टी पाहते: बोलण्याचा ओघ, समज, ऐकलेलं जसंच्या तसं म्हणता येणं, आणि वस्तूंची नावं. मग वाचन-लेखन. तुम्ही एका कागदावर एवढं लिहून न्या: लहानपणापासूनची भाषा कोणती, आणखी कुठल्या भाषा येत, त्या कुठे वापरत, शिक्षण किती, लिहायचा हात कोणता, आधी चष्मा किंवा कानाचं यंत्र होतं का. जो माणूस आयुष्यात कधी फारसं वाचत नव्हता त्याला परिच्छेद वाचता आला नाही तर तो आजार नव्हे. आणि चष्मा घरी विसरून आणलेल्या पेशंटची वाचनाची तपासणी करण्यात काहीच अर्थ नसतो. असं मी कितीदा तरी पाहिलंय.

एकाहून जास्त भाषा येणाऱ्यांबद्दल घरचे विचारतात, "बाकीच्या भाषा बंद करू का, गोंधळ नको?" बंद करू नका. बहुतेकांत सगळ्या भाषा बरोबरीने सुधारतात, काहींत एक पुढे जाते, आणि कुठली ते आधी सांगता येत नाही. ज्या भाषेत शब्द सापडेल ती चालेल. मराठीत अडलेला शब्द हिंदीत आला तर "मराठीत सांगा" म्हणू नका.

हो आणि नाही पक्कं करा

एकच पायरी करायला वेळ असेल तर ही करा. ॲफेजियात "हो" आणि "नाही" यांची अदलाबदल फार होते. तोंडाने "हो" म्हणतात आणि मान नकारार्थी हलते. घरच्यांना वाटतं लहरीपणा आहे, आणि पेशंटला वाटतं आपलं कुणी ऐकत नाही.

आधी ज्यांची उत्तरं तुम्हाला ठाऊक आहेत असे दहा प्रश्न विचारा. पाच हो-चे, पाच नाही-चे, मिसळून. तुमचं नाव अमुक का? आत्ता रात्र आहे का? मी तुमची मुलगी आहे का? उत्तर तोंडाने, मानेने, अंगठ्याने आणि कागदावर बोट ठेवून, असं चारही प्रकारे घेऊन बघा. ज्या प्रकारात दहापैकी नऊ बरोबर येतील तो तुमचा प्रकार, आणि घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा. कागदाचा प्रकार बऱ्याच जणांना जमतो: एका बाजूला बरोबरची खूण आणि "हो", दुसऱ्या बाजूला फुली आणि "नाही", अक्षर मोठं.

प्रश्न विचारताना आपल्या भाषेतला एक सापळा टाळायचा. "पाणी नको का?" याला "हो" म्हटलं तर त्याचा अर्थ काय? निरोगी माणूससुद्धा क्षणभर थबकतो. "पाणी हवंय?" असं सरळ विचारा. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो हेही लक्षात असू द्या. "आत्ता उठून बाथरूमला जाऊ नका" यातलं "उठून बाथरूमला जा" एवढंच हाती लागलं तर पेशंट उठणारच. त्याऐवजी हात आडवा धरून "थांबा. मी येते." म्हणा.

तुमचं बोलणं बदला

टीव्ही बंद. एका वेळी एकच माणूस बोलणार. भाषेचे भाग बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतात, त्यामुळे बऱ्याचदा उजवा हात-पाय कमजोर असतो आणि उजवीकडचं दिसतही नाही. म्हणून समोर किंवा थोडं डावीकडे बसा. चित्रं, कागदही मध्ये किंवा डावीकडे ठेवा. उजवीकडे ठेवलेलं कार्ड त्याने पाहिलं नाही तर ते न समजल्यामुळे असेल असं धरून चालू नका.

वाक्य छोटं, पण मोठ्या माणसाशी बोलतो तसं. ओरडायची गरज नाही. कान बहुधा ठीक असतात. बोबडं तर अजिबात नको. सर्वनामं कमी करा: "तो आला होता, त्याने ते दिलं" यात तीन कोडी आहेत, "भाऊ आला होता, औषध देऊन गेला" यात एकही नाही. "मुलाने मुलीला ढकललं" आणि "मुलाला मुलीने ढकललं" यांत फरक फक्त ने-ला चा, आणि नेमका तोच निसटतो. अशी वाक्यं फोडून, हाताने दाखवून सांगा. विषय बदलताना तो बदलतोय हेही सांगा: "डॉक्टरांचं झालं. आता घरचं सांगते."

बोलताना कागद-पेन हातात हवंच. मुख्य शब्द मोठ्या अक्षरात लिहायचा, जमेल तसं चित्र काढायचं, खुणा करायच्या. कॅनडातल्या टोरोंटोमध्ये ऑरा कागन यांनी ॲफेजियावाल्यांशी आधार देत संवाद करण्याची एक पद्धत विकसित केली. तिच्या मुळाशी एक वाक्य आहे, ज्याचा मराठीत अर्थ होतो, "तुम्हाला कळतंय हे मला माहीत आहे." अडखळण्याच्या क्षणी हे खरोखर मोठ्याने म्हणा. चेहऱ्यावरचा ताण उतरताना दिसतो.

प्रत्यक्षात संवाद असा चालतो. समजा बाबा दाराकडे बोट दाखवून "ते... ते... उद्या" म्हणताहेत.

"बाबा, माणसाबद्दल सांगताय, वस्तूबद्दल की ठिकाणाबद्दल?" तीन शब्द कागदावर लिहायचे, पेन त्यांच्या हातात. ते "माणूस"वर टेकवतात. "घरातलं की बाहेरचं?" बाहेरचं. "कुणी येणार आहे?" फुली. "तुम्हाला कुणाला भेटायला जायचंय?" बरोबरची खूण. मग दोन-तीन नावं लिहायची आणि खाली "दुसरं कुणी" हा पर्याय ठेवायचा. तो नसला तर माणूस तुमच्या यादीत अडकतो. शेवटी पडताळा: "म्हणजे उद्या तुम्हाला काकांना भेटायला जायचंय. बरोबर?" पडताळ्याशिवाय संवाद संपवू नका. आणि प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. ती शांतता तुम्हाला जड जाते, त्यांना ती लागते.

कधी पंधरा मिनिटं झटूनही काही उमगत नाही. तेव्हा "हो हो, कळलं" असं खोटं म्हणू नका, ते ओळखतात. "मला आत्ता कळत नाहीये, हा कागद जपून ठेवते, संध्याकाळी परत बघू" म्हणा, आणि संध्याकाळी खरंच बघा.

भरभर पण निरर्थक बोलणाऱ्या पेशंटशी यातलं थोडं बदलतं. प्रत्येक शब्द दुरुस्त करत बसू नका. त्यांच्या सुरावरून, चेहऱ्यावरून भाव पकडा, हाताने "थांबा" दाखवा, एक शब्द लिहा आणि विचारा, "याबद्दल?" त्यांची मुख्य अडचण ऐकून समजण्याची असते, त्यामुळे जितकं दिसेल असं द्याल तितकं बरं.

शब्द अडला की

लगेच शब्द पुरवू नका, आणि शब्द माहीत असून परीक्षाही घेऊ नका. दिवसभर "हे काय आहे? सांगा, हे काय?" विचारणारे पाहुणे मला भेटतात, त्यांना स्वतःला कुणी असं विचारलं असतं तर?

मदत पायरीपायरीने करा. चष्मा हा शब्द अडलाय असं धरू. आधी थांबा. मग त्याच्याभोवतीची माहिती विचारा: कशासाठी वापरतो, कुठे ठेवतो, कशाचा बनतो? यामुळे त्या शब्दाच्या आसपासचं जाळं हलतं आणि कधी शब्द आपसूक वर येतो. नाही आला तर वाक्य अर्धं सोडा, "वाचायला डोळ्यांवर लावतो तो..." मग पहिला ध्वनी, तोंड दिसेल असं, "च..." आणि शेवटी पूर्ण शब्द, जो त्यांनी तुमच्याबरोबर म्हणायचा. पुढच्या वेळी हीच मदत एक पायरी कमी करा. मुद्दा कळला असेल आणि घाई असेल तर मात्र शब्दाचा नाद सोडून पुढे जा. संवाद म्हणजे शाळा नव्हे.

एकच शब्द पुन्हा पुन्हा येत राहिला, पेनला चष्मा, किल्लीलाही चष्मा, तर तो हट्ट नाही. मेंदू आधीच्या शब्दावर अडकलेला असतो. वस्तू झाकून ठेवा, मिनिटभर दुसरं काहीतरी करा, मग परत या.

आकडे, वारांची नावं, पाठ असलेली गाणी, शिव्या या गोष्टी तीव्र ॲफेजियातही ओठांवर येऊ शकतात. कधी एक शब्द बोलू न शकणारे आजोबा अख्खं गाणं म्हणतात आणि घरात आनंदीआनंद होतो. आनंद करा, पण गाणं आलं म्हणजे बोलणं आलं असं समजू नका. पाठ असलेलं वेगळ्या वाटेने येतं. या वाटेचा उपयोग करून घेणारी थेरपी 1973 साली अमेरिकेत मांडली गेली. त्यात रोजच्या गरजेचं छोटं वाक्य दोन सुरांत, डाव्या हाताने ठेका धरत म्हणायचं असतं आणि हळूहळू सूर काढून टाकायचा असतो. समज बरी पण बोलणं तुटक, अशांना ती जास्त लागू पडते. आधी थेरपिस्टला विचारा.

संवादवही

बाजारातल्या तयार चित्रपुस्तकात सफरचंद आणि विमान असतं. तुमच्या माणसाला विमानाबद्दल काही बोलायचं नसतं. स्वतःची वही करा: घरच्यांचे फोटो आणि नावं, दुखतंय कुठे ते दाखवायला शरीराचं चित्र, 0 ते 10 दुखण्याची पट्टी, आठवडा आणि महिना, घड्याळ, नकाशा, जुन्या नोकरीचे फोटो, आवडीचा खेळ. एक पान तक्रारींचं हवंच: "मला एकटं सोडा", "तुम्ही फार भरभर बोलता", "मला विचारल्याशिवाय ठरवलंत". हे पान घरच्यांना सहसा सुचत नाही, आणि वापरलं मात्र खूप जातं. फोन किंवा टॅबलेटवरची ॲप्सही चालतात, पण आधी कागद.

किती दिवस, किती तास

पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते, नंतर वेग मंदावतो. "सहा महिन्यांनी काही होत नाही" हे मात्र चूक. वर्षांनंतरही थेरपीने फरक पडलेले लोक आहेत. 2022 साली अनेक देशांतल्या अभ्यासांची माहिती एकत्र करून केलेलं विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात एकूण भाषेतली सर्वाधिक सुधारणा 20 ते 50 तास थेरपी मिळालेल्यांत आणि ती आठवड्यातून 4-5 दिवस असलेल्यांत दिसली. आठवड्याला एक भेट आणि बाकी काही नाही, हे पुरत नाही. घरी दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटं, सकाळी ताजंतवानं असताना, असं सुरू करा. थकल्यावर भाषा सगळ्यात आधी ढासळते, म्हणून संध्याकाळचं बोलणं बिघडलं तर घाबरू नका.

उदासीकडे मात्र लक्ष ठेवा. पक्षाघातानंतर नैराश्य बऱ्याच जणांना येतं आणि ज्याला बोलता येत नाही त्याचं ते सहज नजरेआड होतं. जेवण सोडणं, झोप उडणं, थेरपीला नकार देणं दिसलं तर डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत.

आणि दोन गोष्टींत वाट बघत थांबायचं नाही. सुधारत असलेलं बोलणं अचानक बिघडलं, तोंड वाकडं झालं, हात गळाला, तर थेट रुग्णालय. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून लक्षणं सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. दुसरं, पक्षाघात झालेलाच नसताना महिनोन्‌महिने हळूहळू शब्द हरवत असतील तर तो वेगळा आजार असू शकतो. अभिनेता ब्रूस विलिसच्या कुटुंबाने 2022 साली ॲफेजिया जाहीर केला आणि 2023 साली निदान फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचं, म्हणजे मेंदूचे पुढचे आणि बाजूचे भाग हळूहळू झिजत जाण्याच्या आजाराचं झालं. तिथे मेंदूविकारतज्ज्ञ आधी, स्पीच थेरपिस्ट त्यांच्या जोडीने.

घराबाहेर पडताना

खिशात एक कार्ड ठेवा, पाकिटाएवढं. मजकूर पेशंटबरोबर बसून ठरवा, तुम्ही परस्पर लिहू नका. माझ्या एका पेशंटने चार मसुदे फुलीने खोडल्यावर पाचवा मान्य केला: "मला पक्षाघात झाला होता. बोलायला वेळ लागतो. मला समजतं. माझ्याशी बोला, माझ्या मुलाशी नको." शेवटचं वाक्य मुलाने लिहिलं होतं, आणि त्याखाली वडिलांनी पेनाने दोन रेघा ओढल्या.